मुठेकाठी पळायला सुरुवात करताय?

पुण्यात पळायचा विषय निघाला की लोक टेकडीचं नाव घेतात. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, पर्वती. प्रत्येकाची आपली एक टेकडी ठरलेली, आणि तीच कशी सगळ्यांत बरी यावर वाद घालायची तयारीही. पण शाळा सुटल्यापासून बस पकडण्यापलीकडे जो कधी पळलेला नाही, त्याला पहिल्याच दिवशी चढावर नेणं म्हणजे पोहायला शिकवताना थेट विहिरीत ढकलणं. काहीजण तसेही शिकतात. बरेचजण मात्र पुन्हा पाण्याकडे फिरकत नाहीत.

अशा माणसासाठी गावाच्या ऐन मध्यात एक सपाट वाट आहे. मुठेच्या पात्रातला, पेठांच्या बाजूचा रस्ता. लकडी पुलाखालून निघायचं, भिडे पूल आणि झेड पूल मागे टाकायचे आणि ओंकारेश्वरापाशी पोचायचं. एका बाजूने अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर. चढ नाही, सिग्नल नाही. घर पेठेत, डेक्कनला किंवा शिवाजीनगरला असेल तर गाडी काढायचीही गरज नाही.

आता खरं सांगून टाकतो. हा काही रंगवलेला जॉगिंग ट्रॅक नव्हे. कडेला गाड्या लावलेल्या असतात, जलपर्णीचे दिवस आले की पाणी दिसत नाही, आणि उन्हाळ्यात नदीच्या वासाची सवय व्हायला चार दिवस लागतात. तरीही मी पंचेचाळिशीत इथेच सुरुवात केली आणि दोन-तीन ओळखीच्यांनाही इथूनच पळायला लावलं, कारण ही वाट सरळ आहे आणि नवख्याला पहिले दोन महिने सरळ वाटेपेक्षा जास्त काही लागत नाही.

तिथवर पोचायचं कसं

मेट्रोने येणार असाल तर डेक्कन जिमखाना स्टेशन. हे स्टेशन नदीकाठीच आहे, तिथून भिडे पूल चालत पाच मिनिटांच्या आत. पहिली गाडी सकाळी सहाला असते, म्हणजे वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यालाही उजाडता उजाडता पोचता येतं. बसने आलात तर डेक्कन किंवा अलका टॉकीज चौक, दोन्ही सोयीचे.

भिडे पूल ओलांडून नारायण पेठेच्या बाजूला आलात की डावीकडे वळायचं म्हणजे ओंकारेश्वर, उजवीकडे वळायचं म्हणजे लकडी पूल. एवढं लक्षात ठेवलं तर चुकायची शक्यता नाही. पूल कुठल्याशा कामासाठी बंद असेल, आणि तो अधूनमधून असतो, तर झेड पुलावरून किंवा लकडी पुलावरून पलीकडे या. लकडी पुलाचं कागदोपत्री नाव छत्रपती संभाजी पूल, पण रिक्षावाल्याला लकडी पूलच सांगा. मूळचा पूल खरोखरच लाकडी होता, पानिपतानंतरच्या दिवसांतला. आताचा लाकडी नाही, नाव मात्र लाकडाचं राहिलं.

वेळ साधारण सहा ते साडेसात. जानेवारीत सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. त्याप्रमाणे घराबाहेर पडा, पण अंधारात पळू नका. रस्त्यावर खड्डे आहेत आणि कुठे झोपलेलं कुत्रं आहे हे पायाखाली आल्यावरच कळतं. आठ वाजले की हा रस्ता ऑफिसला निघालेल्या दुचाक्यांचा होतो, मग तिथे पळण्यात मजा नाही. संध्याकाळी डास.

निघण्याआधी नदीला विचारा

बाकी शहरांत पळणारे हवामान बघतात. इथे धरण बघावं लागतं.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं वर आहेत. पावसाळ्यात ती भरत आली की खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात आणि पहिला पाण्याखाली जातो तो भिडे पूल. तो मुद्दामच बुटका बांधलेला आहे. 'भिडे पूल पाण्याखाली' ही बातमी पुण्यात दरवर्षी येते आणि दरवर्षी लोक झेड पुलावर उभे राहून ती बघतात. तुमची वाट त्याच पातळीला आहे हे विसरू नका. पेठेत कोरडं ठाक असेल, डोक्यावर ऊनही असेल, पण घाटमाथ्यावर रात्रभर धो धो कोसळला असेल तर पाणी येणारच. जलसंपदा विभाग विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये जाहीर करतो, तो सकाळच्या बातम्यांत मिळतो. जून ते सप्टेंबर हा आकडा बघितल्याशिवाय बूट घालायचे नाहीत. आणि पोलिसांनी बॅरिकेड लावलं असेल तर 'जरा बघून येतो' म्हणून पलीकडे जायचं नाही.

हे जास्त रेटून सांगतोय असं वाटत असेल तर पेठेतल्या कुठल्याही जुन्या घरात १२ जुलै १९६१ विचारा. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत भर दिवसा पाणी घुसलं. ती जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर २०२४ च्या जुलैची घ्या. डेक्कनला पुलाच्या वाडीत पाणी शिरलं तेव्हा विजेचा धक्का बसून तीन जणांचा जीव गेला. पात्रालगत पाणी साचलेलं असताना विजेच्या खांबाजवळून, टपरीजवळून जायचं नाही, हा नियम पळणाऱ्यालाही लागू आहे.

पाणी ओसरल्यावरही लगेच जायची घाई करू नका. मी केली होती. ऑगस्टमधली सकाळ, दोन दिवस झाले होते रस्ता उघडा पडून. वरून गाळ वाळलेला दिसत होता, उन्हाने त्याच्या खापऱ्या झालेल्या, कडा वर वळलेल्या. मला वाटलं माती आहे, पाय टाकला. खापरीखाली लोणी होतं. बसलो तो थेट बैठकीवर, आणि उठायला गेलो तर दुसरा पायही घसरला. गाडी धुणाऱ्या पोराने हात दिला आणि म्हणाला, "काका, अजून चार दिवस वरूनच जावा." वरून म्हणजे केळकर रस्त्याने. त्याचं बरोबर होतं. महापालिकेची माणसं गाळ काढून, पाणी मारून रस्ता साफ करतात, ते झाल्याचं डोळ्यांनी बघून मगच खाली उतरा.

पावसाळ्याचे ते दिवस आणि गणपतीचे दहा दिवस सोडले तर वर्षभर अडचण नाही. गणपतीत मात्र घाटांवर विसर्जनाचे हौद, मांडव आणि गर्दी असते. अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अलका चौकाच्या आसपास पळायचा विचारही करू नका, मिरवणूक संपलेली नसते.

बूट, आणि बाकी काही नाही

खर्च करायचा तर बुटांवर करा. शाळेच्या पीटीचे कॅनव्हास किंवा चालायचे जुने सपाट बूट नकोत. रस्ता डांबरी आणि सिमेंटचा आहे, प्रत्येक पावलाचा हादरा गुडघ्यात जातो. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. मोजे घालूनच घालून बघा. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. दुकानातला मुलगा 'नंतर सैल होतील सर' म्हणाला तर हसून दुसरा नंबर मागा. बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतात, म्हणजे नवख्याला वर्षभर चिंता नाही.

कपडे सुती नकोत, घाम धरून ठेवतात आणि काखेत, मांडीत सोलवटतं. बाकी घड्याळ, पट्टा, कानातलं हे सगळं नंतर. कानातलं तर या रस्त्यावर नकोच. मागून येणारी दुचाकी ऐकू आली पाहिजे.

चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. पळताना छातीत दडपण आलं, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, चक्कर आली, तर थांबायचं आणि मदत घ्यायची. 'एवढा पूल तर गाठतो' करायचं नाही.

पहिला दिवस

मला जे सांगायचंय ते सगळं इथेच आहे, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. हळू पळा. तुम्हाला हळू वाटतंय त्याहूनही हळू.

नवखा माणूस दमतो तो पळण्याने नाही, वेगाने. त्याच्या डोक्यात पळणं म्हणजे शाळेतली शंभर मीटरची शर्यत असते. निघाल्याबरोबर सुटतो, दोनशे पावलांत तोंड उघडं पडतं, कुशीत कळ येते, आणि तो ठरवून टाकतो की आपल्याला हे जमण्यासारखं नाही. मीही पहिल्या दिवशी लकडी पुलाखालून असाच सुटलो होतो. भिडे पुलापर्यंतही पोचलो नाही. कठड्याला धरून उभा असताना एक आजोबा, पांढरी टोपी, हातात दुधाची पिशवी, माझ्या शेजारून चालत पुढे गेले. त्यांना मी मघाशीच ओलांडलं होतं. त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही, हे जास्त लागलं.

वेग योग्य आहे की नाही हे ओळखायला घड्याळ लागत नाही. पळता पळता बोलून बघा. एक आख्खं वाक्य, मध्ये श्वास न तुटता, म्हणता आलं पाहिजे. 'आज भाजी आणायची आहे आणि दळण टाकायचं आहे' एवढं म्हणता आलं तर वेग ठीक. 'आज... भाजी...' झालं की कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर मात्र तुम्ही चालताय. पुणेकराला बोलायला सांगावं लागत नाही, त्यामुळे जोडीला कोणी असलं तर हे माप आपोआप लागतं. एकटे असाल तर पाढे म्हणा. एकोणतिसाचा पाढा म्हणताना अडलात तर तो दमाचा दोष नाही, तेवढी सूट आहे.

मग पहिल्या दिवशी करायचं काय? पुलावरून खाली आल्यावर पाच मिनिटं भराभर चाला. अंग गरम झालं, खांदे सुटे झाले की एक मिनिट पळा. मग दोन मिनिटं चाला. पुन्हा एक मिनिट पळा. असं आठ वेळा. बास. शेवटी पाच मिनिटं रमत चाला आणि घरी जा. 'अजून दम आहे' असं वाटत असताना थांबायचं, हेच तर पहिल्या दिवसाचं काम. दुसऱ्या दिवशी तुम्हाला यावंसं वाटलं पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी यायचं नाही.

आठवड्याला तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. मंगळवार, गुरुवार, रविवार धरा. मधल्या दिवशी पाय दुरुस्त होतात. श्वास दोन-तीन आठवड्यांत सुधारतो, पण नडगी, टाच, घोट्याचे सांधे यांना वेळ लागतो. फसगत होते ती इथेच. दम वाढला म्हणून माणूस रोज पळू लागतो आणि महिन्याभरात नडगी धरून बसतो.

पुढचे आठवडे, पुलांच्या हिशोबाने

दोन आठवडे एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं एवढंच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला. पाचव्या-सहाव्यात पाच मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, असं चारदा. सातव्यात दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे करा, मधे दोन मिनिटं चाला. आठव्या आठवड्यात वीस मिनिटं सलग.

वीस मिनिटं सावकाश पळालात तर साधारण लकडी पूल ते ओंकारेश्वर आणि परत एवढं अंतर होतं. म्हणजे किलोमीटरला आठ-साडेआठ मिनिटं. कोणी या वेगाला हसलं तर हसू द्या. एखादा आठवडा जड गेला तर तोच आठवडा परत करा, कोणी वही तपासणार नाही.

किलोमीटर मोजण्यापेक्षा पूल मोजा असं मी सांगतो. फोनवरचा आकडा पुलाखाली गेलं की भरकटतो, शिवाय सारखा फोन बघायची सवय लागते. 'आज भिडे पुलापासून वर्तक बागेपर्यंत न थांबता' हे जास्त ध्यानात राहतं. सहाव्या आठवड्यात कधीतरी तुम्ही एका पुलाखालून पळत जाल आणि पुढे गेल्यावर आठवेल की अरे, इथे आपण थांबायचो.

कुशीत कळ आली तर थांबायचं नाही, चालायला लागायचं आणि श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, दोन-चारदा. बहुतेक वेळा निघण्याआधी खाल्लेलं असतं म्हणून ती येते. पळण्याआधी दोन तास जड काही नको. सकाळी अर्धं केळं, घोटभर पाणी, फार तर चहा. पावलं लांब टाकू नका. पाऊल गुडघ्याच्या पुढे फार गेलं की टाच आपटते आणि गुडघा बोलतो. छोटी छोटी, भरभर, आवाज न करता. तुमच्या बुटांचा फटफट आवाज तुम्हालाच ऐकू येत असेल तर पावलं लांब पडतायत.

गाड्या आणि कुत्री

पळायचं उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. लहानपणापासून 'डावीकडून चाल' ऐकलेलं असतं, पण फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी माणसाने समोरची गाडी दिसेल असंच जावं. ओंकारेश्वराकडे जाताना तुम्ही पेठेच्या भिंतीच्या बाजूला असाल आणि परतताना नदीच्या बाजूला. लावलेल्या गाड्यांपासून हातभर लांब राहा, दार कधी उघडेल सांगता येत नाही.

कुत्री इथली आहेत, तुम्ही पाहुणे. पळणारं काही दिसलं की मागे लागणं हा त्यांचा स्वभाव. भुंकत आलं तर पळणं थांबवा आणि चालू लागा, डोळ्यांत बघू नका, हात उगारू नका. दोन पावलांत त्याचा रस संपतो. रोज त्याच वेळी गेलात तर आठवड्याभरात ओळख होते आणि मग ती मान वर करण्याचेही कष्ट घेत नाहीत. एवढं करून चावलंच, साधं ओरखडलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना लावून घरी बसू नका.

घाटापाशी चाला

ओंकारेश्वराचं देऊळ पेशवाईतलं, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. त्याच्या घाटावर सकाळी दशक्रिया विधी चालतात. पळणाऱ्याला कोणी हे आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

माझे पळायचे पहिले-दुसरे महिने होते. फोनवर एक ॲप घेतलेलं, आवाज मोठा ठेवलेला. देवळाच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा घाटावर वीसेक माणसं उभी होती. नुकतंच मुंडण केलेला एक तरुण, खांद्यावर ओलं उपरणं, पत्रावळीवर पिंड. सगळे वर तारेवर बसलेल्या कावळ्याकडे बघत होते. कोणी बोलत नव्हतं. गुरुजींनी हात जोडले होते. त्या शांततेत माझ्या खिशातून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "वन किलोमीटर." आणि पुढे वेळ, सरासरी वेग, सगळं सांगत सुटली. कावळा उडाला. वीस माथी वळली. मी फोन दाबतोय, तो गप्प होत नाही. त्या तरुणाने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, नुसतंच पाहिलं. कोणी काही म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून फोन मुका. देवळाच्या अलीकडेच पळणं थांबवायचं आणि घाट संपेपर्यंत चालायचं. तुमच्या वीस मिनिटांत ते अर्धं मिनिट जातं, जाऊ द्या. तसाही परतीचा वळसा इथेच आहे. नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर बुटांनी जाऊ नका, घसरडंही असतं आणि बरंही दिसत नाही.

इथेच बालगंधर्वाकडे जाणारा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला आलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना याच पुलावर गोळ्या घातल्या गेल्या. दरवर्षी वीस ऑगस्टला सकाळी तिथे कार्यकर्ते जमतात. त्या दिवशी पुलावर माणसं दिसली तर कशासाठी उभी आहेत हे तुम्हाला माहीत असावं.

पळून झाल्यावर

लगेच बसू नका. पाच मिनिटं चाला, मग भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, एकेक पाय तीस सेकंद. घरी जाऊन पाणी प्या. मार्च ते मेमध्ये घाम जास्त जातो, तेव्हा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत पुरतं. वीस मिनिटांच्या पळण्याला रंगीत बाटल्या लागत नाहीत.

खाण्याबद्दल मी काय बोलणार. डेक्कनला गुडलकचा बनमस्का आहे, फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली-रूपाली आहेत, नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ. वीस मिनिटांत जेवढं जळतं त्याच्या दुप्पट एका बनमस्क्यात आणि चहात परत येतं, हे माहीत असून मी रविवारी जातो. वजन उतरवायला पळत असाल तर रविवार सोडून जाऊ नका, एवढंच.

इथून पुढे

वीस मिनिटं सलग जमू लागली आणि कंटाळा आला तर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे हीच वाट दोनदा. दुसरी म्हणजे संगमापलीकडे, जिथे मुळा आणि मुठा एक होतात, तिकडचा काठ. बंडगार्डनच्या बाजूला महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पातून काही तुकड्यांत फरसबंद पदपथ झाले आहेत. गाड्या नाहीत, रुंदी आहे, आणि १८६७ सालचा फिट्झजेराल्ड पूल त्याच्या सिंहांसकट शेजारी आहे. या प्रकल्पावरून शहरात बरीच भांडणं आहेत, झाडांवरून मोर्चेही निघाले. नदी आधी स्वच्छ करायची की काठ आधी बांधायचा, यात मी पहिल्या बाजूचा. पळायला मात्र तो तुकडा सोपा आहे हे नाकारता येत नाही.

पात्रात पाणी असेल त्या दिवशी सारसबाग किंवा विद्यापीठाचं आवार. विद्यापीठात झाडी आहे, थोडे चढउतार आहेत, गुडघ्यांना बदल म्हणून चांगले. टेकडी तीन महिन्यांनी. तोवर पोटऱ्या तयार झालेल्या असतात, आणि मग पर्वतीच्या पायऱ्यांवरही दम धरतो. डिसेंबरात पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन असते, १९८३ पासूनची. पहिल्याच वर्षी लांब अंतराला नाव घालायची घाई करू नका. एखाद्या वर्षी नुसतं बघायला उभे राहा, शेवटून येणाऱ्यांकडे बघा. त्यांच्यातले बरेचजण बोलत येतात.

राहता राहिले बूट. पावसाळ्यात एकदा तरी चिखलाने भरतील. मशीनमध्ये टाकू नका, उन्हात ठेवू नका, गोंद सुटतो. आतली तळवी काढून वेगळी धुवा, बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. तासाभराने बोळे बदला. रविवारच्या पुरवण्या पाणी चांगल्या शोषतात, चकचकीत कागदाच्या सोडून.